गच्चीवरचा चंद्र आणि अडतीस पायऱ्या

वडोदऱ्याच्या आमच्या छोट्या मंडळात महिनाभर एकच वाद चालू आहे: यंदाची कोजागिरी गच्चीवर की खाली अंगणात. दांडिया बाजाराजवळच्या ज्या वाड्यात हा कार्यक्रम होतो, तिथे गच्चीवर जायला अडतीस पायऱ्या आहेत, अरुंद आणि वळणाच्या. गाणी, कविता, मुलांनी काढलेल्या चित्रांचं प्रदर्शन आणि शेवटी मसाला दूध, दूध-पौंआ. एकूण तरतूद तीस हजारांची. माझ्या भाचीने बैठकीत सुचवलं की सगळं खाली आणू, म्हणजे ज्यांना चढवत नाही त्यांनाही येता येईल. त्यावर चिटणीस असलेला माझा आतेभाऊ म्हणाला, "व्हीलचेअरवर कोण येतं गं आपल्याकडे? आणि आलंच कुणी तर चार पोरं आहेत की. उचलून नेऊ. घरचेच ना?"

मी इंग्लंडहून फोनवर बोलले, तर दादा, म्हणजे हाच आतेभाऊ, मलाच म्हणाला, "तिकडे बसून सल्ले देणं सोपं आहे. तुम्हाला सरकार पैसे देतं." आणि मग, वाद संपवायचा असला की आमच्याकडे सगळे गुजरातीत शिरतात तसं, "जवा दे ने हवे."

मला ते जाऊ देता येत नाही.

आधी पैशांचं बोलते. इथे लीड्समध्ये आमच्या मराठी मंडळाला कौन्सिलकडून एक पेनीही मिळत नाही. चर्च हॉलचं भाडं तासावर असतं, दिवाळीला जेमतेम सहाशे पौंड जमतात, आणि त्यातच सगळं बसवावं लागतं. तरी ब्लू बॅजवाल्यांसाठी, म्हणजे अपंगांचा पार्किंग परवाना असलेल्यांसाठी, दाराजवळच्या गाडीच्या दोन जागा आम्ही सकाळीच अडवतो. सोबतीला येणाऱ्याचं तिकीट घेत नाही. खुर्च्यांच्या रांगांमध्ये मधेमधे जागा मोकळी सोडतो, म्हणजे व्हीलचेअरवाला आपल्या माणसांशेजारी बसतो, पार मागे भिंतीला टेकून नाही. निवेदन करणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड ठेवतो, कारण ओठ वाचून समजून घेणारे असतात. "माझा आवाज मोठा आहे, मला माईक नको," असं म्हणणाऱ्या काकांच्याही हातात माईक देतो, कारण हॉलमधला लूप, म्हणजे श्रवणयंत्रांसाठी बसवलेली तार, फक्त माईकचाच आवाज कानातल्या यंत्रापर्यंत पोचवतो. यातल्या कशाला पैसे पडतात? खर्च झाला तो खुणांच्या भाषेतल्या दुभाष्यांवर. एवढा वेळ एकट्याला सलग झेपत नाही, दोघं आलटून पालटून करतात, म्हणून दोघांचं मानधन. ते आम्हाला फक्त पूर्वार्धापुरतं परवडलं. मग तसं आमंत्रणातच छापलं. अर्धंच असेल तर अर्धं आहे म्हणून आधी सांगावं, म्हणजे माणसाला ठरवता येतं.

"तिकडे कायदा आहे," हेही दादाचं ठरलेलं. इथला २०१०चा आहे, पण तिथलाही २०१६चा आहे, एकवीस प्रकारच्या अपंगत्वांची नोंद असलेला, आणि त्यात संस्कृती व मनोरंजन यांसाठी वेगळं कलम आहे.

आणि कायदा राहू दे. आपण कोणत्या गावचे? सयाजीरावांनी १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. गावात ग्रंथालय नाही, तर लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून त्या पेट्या गावोगाव पाठवल्या. "खेड्यातलं कुणी ग्रंथालयात येतंय का?" असं विचारत बसले नाहीत. दरवर्षी त्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्या आमच्या मंडळाला अंगणात उतरणं जड जावं, याचा मला फार राग येतो.

गच्चीच्या बाजूने सांगितलं जाणारं कारण म्हणजे चंद्र. खालून दिसणार नाही म्हणे. कोजागिरी मध्यरात्रीची, आणि आश्विनातल्या पौर्णिमेचा चंद्र वडोदऱ्यात मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर असतो. अंगणात तो सरळ दुधात उतरेल. इथे लीड्समध्ये तो खूपच कललेला असतो, तोही ढग नसले तर. ज्यांच्या डोक्यावर तो येतो त्यांनी त्यावरून भांडावं, हे मला इथून बघवत नाही.

भाचीने हिशेब मांडला आहे. अंगणाला एकच पायरी, पाच इंचांची. उताराचा नियम एकास बारा, म्हणजे पाच फुटांची फळी पुरते. मंडपवाल्याकडचं जाड प्लायवूड चालेल. स्पीकर आणि दुधाची पातेली वर चढवायची मजुरी वाचते. गाण्यांचे शब्द पांढऱ्या चादरीवर प्रोजेक्टरने दाखवायचे, प्रत्येक ओळ दोनदा: देवनागरीत आणि गुजराती लिपीत. ऐकू कमी येणाऱ्या आजींसाठी काढलेली ही युक्ती, पण मराठी बोलतात आणि वाचतात मात्र गुजराती, अशा आमच्या नातवंडांच्या पिढीला ती तितकीच लागणार आहे. वाचलेल्या पैशांत ती दुभाष्यांची एका तासाची सोय बघते आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. "व्हीलचेअरवर कोण येतं" याचं उत्तर दादाला माहीत आहे. माझे बाबा येत. त्या गच्चीवर त्यांनी वीसेक वर्षं पेटी वाजवली. अर्धांगवायूनंतरच्या पहिल्या कोजागिरीला त्यांना चार पोरांनी प्लास्टिकच्या खुर्चीसकट वर नेलं. कुणीतरी कौतुकाने त्याचा व्हिडिओ मला पाठवला. पोरं हसत होती, प्रेमानेच नेत होती. वळणावर खुर्ची कलली आणि बाबांचा लेंगा गुडघ्याच्या वर सरकला. चालणारा हात त्यांनी खुर्चीच्या दांडीवरून काढला आणि लेंगा खाली ओढत राहिले. वर पोचेपर्यंत ओढत राहिले.

पुढच्या वर्षी फोनवर म्हणाले, "रात्रीचं दूध सोसत नाही मला आता, मी नाही जात." मी म्हटलं, बरं. त्याच आठवड्यात मी इथे चर्च हॉलच्या पायरीला पिवळी पट्टी चिकटवत होते, दुसऱ्या कुणाच्या तरी वडिलांना नीट दिसावी म्हणून. बाबा नंतरच्या तीन कोजागिरींना घरीच होते. दोनशे पावलांवर वाडा, खिडकीतून पेटी ऐकू यायची. हे मला आईने ते गेल्यावर सांगितलं.

तेव्हा दादा म्हणतो ते एका अर्थी खरं आहे. मी तिथे नव्हते. उचलायलाही नव्हते. त्या पोरांना नावं ठेवायचा हक्क मला किती आहे, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. इथल्या हॉलमध्ये मी सगळ्यांच्या खुर्च्यांची काळजी घेते आणि घरी परतताना गाडीत मला वडोदऱ्याचाच जिना दिसतो. तिथल्या बैठकीत मला मत नाही, वर्गणी पाठवली तरी नाही, आणि तरी "आपली कोजागिरी" म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे लीड्स कधीच येत नाही.

बैठक रविवारी आहे. दादा अजून मानलेला नाही. गाण्यांच्या ओळी दोन्ही लिप्यांत मी इथून टाइप करून देते आहे, नऊ झाली, पाच राहिली. काल रात्री भाचीने अंगणाच्या फाटकाची रुंदी मोजून कळवली: चौतीस इंच. बाबांची व्हीलचेअर सव्वीस इंचांची होती.