खुलासा : नार्नियाचं ‘पहिलं’ पुस्तक कोणतं?
नागपुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मुलांच्या सुट्टीतल्या वाचनाची एक यादी फिरतेय. नार्निया या मुलांसाठीच्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या मालिकेत ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ सर्वांत आधी आलं, म्हणून सुरुवात तिथूनच करा, असं तिच्यात आहे. ही माहिती चुकीची आहे.

आधी आलं ते ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’, १९५० साली. ‘नेफ्यू’ १९५५ चं, सातांपैकी सहावं. पुस्तकातल्या कॉपीराइटच्या पानावर साल पाहता येईल. गोंधळ झाला तो १९९४ पासूनच्या संचांमुळे. त्यांवरचे क्रमांक कथेतल्या काळानुसार आहेत. लेखक सी. एस. लुईस यांनीही १९५७ मध्ये एका मुलाला पत्रातून या क्रमाकडे कल असल्याचं कळवलं होतं, पण क्रमाने फारसं बिघडत नसावं, असंही त्यातच लिहिलं होतं.

आमच्या मते बिघडतं. ‘लायन’मधली छोटी ल्यूसी कपाटातून बर्फाळ रानात पोचते, तर समोर चक्क रस्त्यावरचा दिव्याचा खांब! तो तिथे कसा आला, हे ‘नेफ्यू’त कळतं. उत्तर आधीच हातात दिलं की कोड्याची गंमत गेली.

नागपुरातल्या बर्डीच्या बाजारातून जुनी प्रत घेणार असाल तर नाव बघा, आकडा नको. जुन्या अमेरिकी संचात ‘लायन’वर १ आहे, नव्यात २. ‘द लास्ट बॅटल’ मात्र दोन्हींत शेवटी.

ती यादी पुढे पाठवू नका. पाठवली असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.