आपला हात मागायला येणारा माणूस

आज ऑफिसात डबा खाताना एकजण सहज बोलून गेला, "शेरलॉक होम्स लिहिणाऱ्याच्या भुताच्या गोष्टी? म्हातारचळ सगळा." मी तेव्हा गप्प बसले. पण दुपारभर डोक्यातून जाईना.

कसला म्हातारचळ? आर्थर कॉनन डॉयलची बर्फात अडकलेल्या जहाजाची भूतकथा १८८३ सालची आहे. तेव्हा होम्स जन्मलाही नव्हता. व्हेल मारणाऱ्या जहाजावर डॉयल स्वतः डॉक्टर म्हणून जाऊन आला होता. आणि 'द ब्राउन हँड' १८९९ची, म्हणजे ऐन चाळिशीतली.

ती वाचा एकदा. त्यातला गोरा सर्जन आपल्या मुंबईत नाव कमावलेला. सरहद्दीपलीकडच्या एका गरीब पहाडी माणसाचा हात तो कापतो आणि फी म्हणून तोच हात आपल्या संग्रहासाठी मागतो. माणूस कचरतो, कारण मेल्यावर शरीर सबंध हवं अशी त्याची श्रद्धा. सर्जन म्हणतो, मी जपून ठेवीन. पुढे मुंबईतल्या घराला आग लागते, हात जातो. मग म्हातारपणी, विलायतेतल्या घरात, रोज रात्री तो माणूस येतो आणि बरण्यांमधून आपला हात शोधतो. सूड नको त्याला. हात हवाय.

मला तिथे आमचे आजोबा दिसतात. साखरेपायी त्यांचा डावा पाय काढावा लागला. हॉस्पिटलवाल्यांनी ढीगभर सह्या घेतल्या, पण त्या पायाचं काय करायचं हे कोणी विचारलं नाही. आजी वऱ्हांड्यात विचारत राहिली, "पायाचं काय केलंत?" एकजण हसला. ते हसणं मी अजून विसरलेले नाही.

हो, पुढे डॉयल प्रेतात्म्यांच्या नादी लागला, १९२० साली पऱ्यांच्या फोटोंवरही त्यानं विश्वास ठेवला. मान्य. म्हणून त्याच्या वीस वर्षं आधी लिहिलेलं फुकट जातं का?

माझा राग वेगळाच आहे. सर्जनचा पुतण्या लंडनच्या हॉस्पिटलातून एका हिंदी खलाशाचा कापलेला हात आणून ठेवतो. आधी चुकून डावा, भूत तो भिरकावून देतं. मग उजवा. पण त्या खलाशाला कोणी विचारलं? त्याच्या हाताबद्दल त्याच्याशी कोण काय बोललं? लेखक तिथे क्षणभरही थांबत नाही. आजीला हसणारा आणि हा पुतण्या, मला एकाच जातीचे वाटतात.

तरी शेवट वाचताना रडू येतंच. हात परक्याचा, पण त्या माणसाला तो पुरतो. वाकून सलाम करतो आणि निघून जातो. इतकी वर्षं कोणीतरी त्याचं म्हणणं खरं मानावं, एवढ्यासाठीच तो येत होता असं मला वाटतं.

आजोबा गेले त्या पहाटे आजी स्वयंपाकघरात कणीक तिंबत बसली होती. पाऊल करत होती, पाच बोटांचं. अंगठा कुठल्या बाजूला घ्यायचा ते चुकू नये म्हणून तिनं आपला डावा पाय लुगड्याबाहेर काढून समोर धरला होता.