खुलासा: तो फोटो इंदूरचा नाही

‘चर्चवाले दवाखान्याबाहेर बायकांना अडवतात’ असं लिहिलेला एक फोटो इंदूरच्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. फोटोतली पाटी अमेरिकेतल्या टेक्सासची आहे. तिथे २००४ मध्ये ‘फॉर्टी डेज फॉर लाइफ’ ही गर्भपाताच्या दवाखान्यांबाहेर चाळीस दिवस प्रार्थना करण्याची मोहीम सुरू झाली. धर्मग्रामांतले, म्हणजे त्या त्या चर्चच्या हद्दीतले, लोक पाळ्या लावून रस्त्याच्या कडेला जपमाळ म्हणतात. शांतता पाळू, वाट अडवणार नाही, असं आधी लिहून देतात.

आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १० ऑगस्ट १९७१ चा. त्या तारखेला कॅथलिक लोक न जन्मलेल्या बाळांसाठी प्रार्थना करतात, आम्ही चर्चमध्येच करतो. आणि ती दवाखान्यात गेलेल्या बाईसाठीसुद्धा असते, तिच्याविरुद्ध कधीच नाही. मी स्वतः त्या प्रार्थनेला बसते, म्हणून हे फार लागलं. ताई-दादांनो, तो फोटो कृपया पुढे पाठवू नका.