टाकी गळते, सल्ले वाहतात

जुनी गाडी बाळगणाऱ्याला शेजारी नावाने नाही, वासाने ओळखतात. जिन्यात पेट्रोलचा वास सुटला की वरच्या मजल्यावरून हाक येते, "काय हो, येझदी घरात घेतलीत का?" येझदी म्हणजे माझी मोटरसायकल, ती घरात येत नाही. तिची टाकी येते आणि गॅलरीत पाहुण्यासारखी मुक्काम ठोकते.

म्हैसूरच्या आयडियल जावाने १९९६ साली कारखाना बंद केला. म्हणजे त्या कारखान्यातली सगळ्यांत धाकटी येझदीही आता तिशीच्या घरात. माझी तर थोरल्या पातीतली. या वयात काही ना काही गळणारच. इंजिनाखाली ऑइलचे डाग पडतात त्याला आम्ही गळणं म्हणतच नाही. आत ऑइल आहे याची ती पावती. पेट्रोलचं तसं नाही. त्याचा थेंब तापलेल्या इंजिनावर पडतो, आणि तिथे थट्टा संपते.

भोकही पडतं ते नेमकं तळाला. रात्री गारव्याने टाकीतल्या दमट हवेचं पाणी होतं. ते पेट्रोलपेक्षा जड, म्हणून खाली जाऊन पत्रा आतून कुरतडत बसतं. त्यात आता पंपावर मिळतं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि इथेनॉलला पाण्याचा भारी सोस. बाहेरून रंग मात्र असा, की नवरदेव बसवून वरात काढावी.

पहिला सल्ला सगळ्यांचा एकच: "साबण घासा." हसू नका, चालतं. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, गॅरेजपर्यंत नक्की पोचवतो. "स्वतः आंघोळीला दहा हाका मारायला लावता, आणि टाकीला बरा साबण लागतो," ही म्हणाली.

दुसरा सल्ला एम-सीलचा. तिसरा जीवघेणा: "टाकी रिकामी करा आणि वेल्डिंग मारून टाका." रिकामी टाकी रिकामी नसतेच. आत वाफ असते, आणि ठिणगी पडली की ती भरलेल्या टाकीपेक्षा वाईट उडते. म्हणून वेल्डिंगवाल्याने नुसतं "रिकामी आहे ना?" विचारलं की मी टाकी काखेत मारून निघतो. आमचे मेस्त्री ती आतून धुऊन धुऊन घेतात, भोक वर येईल अशी उलटी ठेवून पाण्याने भरतात, मग पितळेचा टाका घालतात. तोवर मी समोरच्या टपरीवर. श्रद्धा आहे, पण चहाही प्यायचा असतो.

त्याआधी गंज काढायचा. आत व्हिनेगर, त्यात साखळीचा तुकडा, आणि टाकी खुळखुळ्यासारखी हलवत राहायची. घरात त्या आठवड्यात नूडल्स झाले नाहीत. गंज निघाला तशी एका भोकाची पाच दिसली. मी मेस्त्रींकडे पाहिलं. "साहेब," ते शांतपणे म्हणाले, "इतकी वर्षं पेट्रोल गंजानेच धरून ठेवलेलं."

शेवटी टाके झाले, आतून इपॉक्सीचा लेपही झाला. टाकी बसवली, पेट्रोल भरलं, खाली कागद पसरून रात्रभर ठेवला. सकाळी कागद कोरडा ठणठणीत. मेस्त्रींना फोन करून तोंड भरून कौतुक केलं आणि किक मारली. मारतच राहिलो. पाय भरून आल्यावर पुन्हा फोन.

"टाकीखालचा पेट्रोलचा कॉक काढून बघा बरं," मेस्त्री जरा थांबून म्हणाले. "लेप त्याच्याही भोकात गेला असंल."