यू-९ डिझेलवर चालत नव्हती

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय: २२ सप्टेंबर १९१४ रोजी यू-९ या जर्मनीच्या अत्याधुनिक डिझेल पाणबुडीने ब्रिटनच्या तीन नव्याकोऱ्या युद्धनौका तास-दीड तासात बुडवल्या, जर्मन यंत्रापुढे कुणाचं काही चाललं नाही आणि पाणबुड्यांचा हा वर्ग युद्धभर अजिंक्य राहिला. तारीख बरोबर आहे. तीन नौका बुडाल्या हेही खरं. बाकीचं चूक.

आधी इंजिन. यू-९ ते यू-१२ या चारही बोटींत कोर्टिंग कंपनीची रॉकेलवर चालणारी इंजिनं होती. जर्मन नौदलात डिझेल आलं ते यू-१९पासून. रॉकेलचा स्टोव्ह नीट तापण्याआधीच पंप मारला की कसा पांढरा धूर कोंडतो, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. पृष्ठभागावर चालताना या बोटी दिवसा पांढऱ्या धुराचे लोट सोडायच्या, रात्री ठिणग्या. लपण्यासाठी बांधलेली बोट लांबूनच स्वतःचा पत्ता सांगायची! पाण्याखाली वेग जेमतेम ८ नॉट (ताशी सुमारे १५ किलोमीटर), तोही बॅटरी साथ देईल तोवर.

‘नव्याकोऱ्या युद्धनौका’ म्हणजे अबूकिर, होग आणि क्रेसी. १८९९-१९००मध्ये पाण्यात उतरलेल्या या जुन्या क्रूझर होत्या. त्यांवर बहुतेक राखीव दलातली माणसं होती, शिवाय नौदल विद्यालयातली कोवळी पोरं. खुद्द ब्रिटिश नौदलात या ताफ्याला ‘जिवंत आमिष’ म्हणत. खराब हवेमुळे सोबतच्या विनाशिका, म्हणजे राखणीच्या छोट्या वेगवान युद्धनौका, परतल्या होत्या आणि क्रूझर नागमोडी न जाता १० नॉटच्या आसपास सरळ चालल्या होत्या.

अबूकिरला पहिला टॉर्पेडो लागला तेव्हा तिच्या कप्तानाला वाटलं, सुरुंग आहे. त्याने बाकीच्या दोघींना जवळ बोलावलं. होग बुडणाऱ्यांना वाचवायला थांबली आणि तिला दोन टॉर्पेडो बसले. क्रेसीही तिथून हलली नाही. १,४५९ माणसं गेली. यातली कितीतरी सोबत्यांना पाण्यात सोडून न गेल्यामुळे गेली. ‘यंत्रापुढे काही चाललं नाही’ म्हणताना नेमकी हीच माणसं पुसली जातात, म्हणून हा मजकूर मला सहन होत नाही.

श्रेय द्यायचंच तर यू-९चा कप्तान ओटो वेडिगेन आणि त्याच्या खलाशांच्या सरावाला द्या. पाण्याखाली असताना नळीत पुन्हा टॉर्पेडो भरणं त्यांनी जुलै १९१४मध्येच साधलं होतं. ते आधी कुठल्याच पाणबुडीला जमलं नव्हतं. बोटीवर टॉर्पेडो होते सहा, आणि त्या सकाळी सहाही वापरले गेले. एक सुटला की तेवढं वजन एकदम कमी होई, बोटीचं नाक वर येऊ लागे. मग माणसांनाच पुढे-मागे पळवून तोल सांभाळायचा.

आणि अजिंक्य? ऑक्टोबरात यू-९ने हॉक ही आणखी एक जुनी क्रूझर बुडवली, हे खरं. पण यू-११ १९१४ संपायच्या आत गेली, यू-१२ला मार्च १९१५मध्ये ब्रिटिश विनाशिकेने धडक देऊन बुडवलं, यू-१० १९१६मध्ये बाल्टिक समुद्रात नाहीशी झाली. वेडिगेन मार्च १९१५मध्येच यू-२९ या आपल्या नव्या पाणबुडीसकट बुडाला. ड्रेडनॉट या ब्रिटिश युद्धनौकेने तिच्यावर थेट धडक घातली होती. चौघींतली एकटी यू-९ तेवढी वाचली, आणि १९१६पासून तिचं काम नव्या खलाशांना शिकवण्याचं होतं.