शेवटच्या नळाला क्लोरीन किती, हे रोज जाहीर करा

छोट्या शहरात पाण्यावरून ओरड होते ती ठरावीक कारणांनी. पाणी आलंच नाही, कमी दाबाने आलं, गढूळ आलं, नाहीतर औषधाचा फार वास येतोय. यातलं काही नसेल, पाणी वेळेवर आणि नितळ आलं असेल, तर पाणीपुरवठ्याबद्दल बोलायचं काही उरलं नाही असंच सगळे धरून चालतात. मला लिहायचंय ते याच नितळ पाण्याबद्दल. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नसतो, चव नसते. उलट नळातून दुधाळ पाणी आलं की लोक घाबरतात, पण तो पेला मिनिटभर ठेवून बघा. पांढरेपणा तळापासून वर सरकत नाहीसा होत असेल तर ती नुसती हवा आहे, पाणी पिऊन काही होत नाही. थोडक्यात, पाणी चांगलं की वाईट हे बघून ठरवता येत नाही. ते मोजावं लागतं, आणि छोट्या शहरांचं घोडं नेमकं तिथेच अडतं.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात वॉकरटन नावाचं गाव आहे, जेमतेम पाच हजार वस्तीचं. मे २००० मध्ये तिथे चार-पाच दिवस जोराचा पाऊस झाला. शेजारच्या शेतात शेणखत टाकलेलं होतं. (त्या शेतकऱ्याची काही चूक नव्हती, चौकशीत तसं स्पष्ट झालं.) त्यातले जंतू पावसाच्या पाण्याबरोबर झिरपत गावाच्या एका उथळ विहिरीत उतरले आणि तिथून नळावाटे घराघरांत पोचले. ई. कोलाय ओ१५७:एच७ हा त्यातला सगळ्यात घातक. ७ माणसं गेली. २,३०० हून जास्त आजारी पडली, म्हणजे जवळपास निम्मं गाव. लहान मुलांपैकी काहींच्या मूत्रपिंडांना जन्माची इजा झाली.

पुढे न्यायमूर्ती डेनिस ओ'कॉनर यांनी चौकशी केली. पाण्याशी संबंधित प्रत्येक माणसाने त्यांचा अहवाल वाचायला हवा असं मला मनापासून वाटतं, कारण त्यात कुणी खलनायक सापडत नाही, सापडतात त्या कुठल्याही छोट्या पाणीपुरवठ्यात असतात तशा सवयी. विहिरीवर रोज शिल्लक क्लोरीन (घातलेल्यातलं पाण्यात उरलेलं) मोजायचं असा नियम होता. मोजत नव्हते. वहीत मात्र आकडा रोज पडत होता, बहुतेक वेळा लिटरमागे ०.५ किंवा ०.७५ मिलिग्रॅम. पाणी सांभाळणाऱ्यांना रीतसर प्रशिक्षण मिळालेलं नव्हतं. विहिरीचं पाणी मुळातच शुद्ध आहे अशी त्यांची खात्री होती, इतकी की क्लोरीन न घातलेलं पाणी ते स्वतः तिथे पीत असत. आणि क्लोरीन कमी का घालत होते? एक कारण असं की गावातलेच लोक वासाची तक्रार करायचे, कमी करा म्हणून मागे लागायचे.

पाणी दूषित असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल १७ मे रोजीच आला होता. पण तो गेला फक्त पाणीपुरवठ्याच्या व्यवस्थापकाकडे. आरोग्य खात्याने फोन करकरून विचारलं तेव्हा ‘पाणी ठीक आहे’ असं उत्तर मिळालं. पाणी उकळून प्या, असं आरोग्य खात्याने जाहीर केलं ते २१ मे रोजी, आपल्याच जबाबदारीवर. मधले चार दिवस लोक ते पाणी पीत होते. आजारी मुलांनासुद्धा तेच पाजत होते, कारण जुलाब झाले की भरपूर पाणी पाजा असंच सगळे सांगतात. हे वाचताना माझा जीव कासावीस होतो. ओ'कॉनर यांचा निष्कर्ष असा की त्या विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रं बसवलेली असती, तर ही साथ टळली असती.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे, आणि ती कुठल्याही छोट्या शहरासाठी आहे. पाणी सोडल्यावर शेवटच्या टोकाच्या नळाला शिल्लक क्लोरीन किती भरलं, तो आकडा रोज मोजा आणि रोज सगळ्यांना दिसेल असा लावा.

क्लोरीनच का? जंतूंची तपासणी करायची तर पाण्याचा नमुना उबवावा लागतो, त्याला साधारण एक दिवस जातो. अहवाल हातात येईपर्यंत ते पाणी पिऊन झालेलं असतं. त्यामुळे ही तपासणी गरजेची असली, तरी तिच्यामुळे आजचं पाणी वाचत नाही. क्लोरीनचं तसं नाही. एका छोट्या नळीत १० मिलिलिटर पाणी घ्यायचं, डीपीडी या तपासणीच्या रसायनाची गोळी हाताला न लावता त्यात टाकायची, चुरायची, हलवायचं. क्लोरीन असेल तर पाणी लगेच गुलाबी होतं, जितकं जास्त तितकं गडद. शेजारच्या रंगपट्टीशी ताडून आकडा वाचायचा. दोन-तीन मिनिटांचं काम, शाळेतलं पोरगंही शिकेल. पाणी रंगहीनच राहिलं, तर त्या पाण्याच्या राखणीला कुणीही नाही, एवढं त्याच क्षणी कळतं.

जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं असं की पाण्याशी क्लोरीनचा निदान ३० मिनिटं संपर्क आल्यावर लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम मुक्त (म्हणजे जंतू मारायला अजून मोकळं असलेलं) क्लोरीन शिल्लक असावं, आणि ग्राहकाच्या नळापर्यंत पोचेतो निदान ०.२ तरी उरावं. टाकीपाशी मोजून ‘आज ०.८ आहे’ म्हणणं सोपं आहे. पण क्लोरीन वाटेत खर्च होत जातं. पाइपच्या आतल्या भिंतीवर साचलेला गाळ, बुळबुळीत थर, गळक्या जोडातून शिरलेली घाण, हे सगळं ते खातं. म्हणून टोकाचं घर महत्त्वाचं. कालपर्यंत तिथे ०.३ येत होतं आणि आज शून्य आलं, तर मधे कुठेतरी काहीतरी बिघडलंय याची ती पहिली खबर आहे, कुणाचंही पोट बिघडायच्या आधीची. एवढ्या कमी श्रमात एवढं सांगणारी दुसरी कुठली तपासणी मला तरी माहीत नाही.

जिथे पाणी चोवीस तास नसतं, ठरावीक वेळीच सोडतात, तिथे याची गरज दुप्पट. पाइप भरलेला आणि दाबाखाली असेल तोवर गळतीतून पाणी बाहेर जातं. पुरवठा बंद झाला, पाइप रिकामा झाला, की आतला दाब जातो आणि त्याच भेगांमधून बाहेरचं आत यायला लागतं. गटार आणि पाण्याची लाइन शेजारून गेलेली असेल तर काय आत येतं ते सांगायला नको. त्यात कुणी थेट लाइनला मोटर लावली की ओढ आणखी वाढते. दुसऱ्या वेळी पाणी सोडतात तेव्हा हे सगळं आधी पुढे ढकललं जातं आणि पहिल्या हंड्यात येतं. पहिलं पाणी प्यायला भरू नये, असं जुनी माणसं सांगतात ते अगदी बरोबर आहे.

आता टीडीएस मीटरबद्दल. हे लहानसं यंत्र हल्ली घरोघर दिसतं आणि त्यावरचा आकडा बघून लोक पाण्याला पास-नापास करतात. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. जंतू त्यात मोजले जात नाहीत. शिसं, आर्सेनिक हे घातक ठरतात ते लिटरमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागात, त्यांच्यामुळे मीटरवरचा आकडा हलतसुद्धा नाही. टीडीएस ५० दाखवणाऱ्या पाण्यात मैला मिसळलेला असू शकतो आणि ५०० दाखवणारं पाणी पिण्याजोगं असू शकतं. यंत्र खोटं बोलत नाही, त्याला भलताच प्रश्न विचारला जातो. घरच्या घरी एकच वस्तू घ्यायची असेल तर टीडीएस मीटर बाजूला ठेवा, क्लोरीन तपासायचा संच घ्या.

उकळण्याचंही तसंच. पाणी खळखळून उकळायला लागल्यावर मिनिटभर तसंच ठेवलं की जंतू मरतात, साथीच्या दिवसांत याला तोड नाही. पण नायट्रेट, फ्लोराइड, शिसं उकळून जात नाहीत. पाणी आटलं की त्यांचं प्रमाण थोडं वाढतंच. ज्या भागात नायट्रेट जास्त आहे तिथे बाळाच्या वरच्या दुधासाठी उकळलेलं पाणी सुरक्षित समजणं धोक्याचं आहे. त्यासाठी वेगळी तपासणी आणि वेगळा स्रोतच हवा.

क्लोरीनवर सगळं भागतं असं माझं म्हणणं नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत सुमारे चार लाख लोक आजारी पडले ते क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीने. त्याच्यावर नेहमीच्या प्रमाणातल्या क्लोरीनचा परिणाम जवळपास होत नाही, तो गाळणीतच अडवावा लागतो. गढूळ पाण्यात नुसती ब्लीचिंग पावडर ओतूनही उपयोग नसतो, क्लोरीन गाळातच संपून जातं. आणि पावडरही ताजी लागते. उघडं, ओल धरलेलं पोतं महिनोन्‌महिने पडून राहिलं की त्यातलं क्लोरीन उडून जातं आणि उरतो तो चुना. वहीत मात्र ‘पावडर टाकली’ अशी नोंद असते आणि ती खरीही असते. पावडर किती टाकली यापेक्षा नळाला काय उरलं हे विचारायचं ते म्हणूनच.

क्लोरीनमुळे पाण्यात घातक संयुगं तयार होतात, असं काही जण सांगतात. होतात, सेंद्रिय घाण जास्त असेल तर जास्त होतात, आणि त्यावर उपाय म्हणजे पाणी आधी नीट गाळणं. त्या भीतीने निर्जंतुकीकरणात तडजोड करू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही स्पष्ट म्हटलंय. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीने शहराच्या पाण्यात रोजच्या रोज क्लोरीन घालायला सुरुवात केली आणि मग इतर शहरांनी तोच रस्ता धरला. त्या आधीचा विषमज्वर आज आपल्यापैकी कुणाला आठवत नाही, म्हणून वासाचा त्रास मोठा वाटतो. पिण्याचं पाणी थोडा वेळ रुंद तोंडाच्या भांड्यात, वर जाळी टाकून ठेवलं की वास बराच कमी होतो. क्लोरीन कमी करा अशी तक्रार मात्र कृपा करून करू नका.

‘आमचं पाणी जमिनीखालचं आहे, त्याला काही करावं लागत नाही’ हे वाक्य मी फार जणांकडून ऐकलंय. न्यूझीलंडमधल्या हॅवलॉक नॉर्थला अगदी हेच वाटत होतं. बोअरचं पाणी, क्लोरीन नाही, चवीचा अभिमान. ऑगस्ट २०१६ मध्ये मोठा पाऊस झाला, मेंढ्यांच्या लेंड्यांनी दूषित झालेलं पाणी भूजलात उतरलं आणि १४,००० वस्तीच्या त्या गावात पाच हजारांवर लोक कॅम्पिलोबॅक्टर या जंतूने आजारी पडले.

रोज आकडा लावला तर लोक घाबरतील, अफवा पसरतील, हा आक्षेप अधिकारी नक्की घेतील. मला तो मुळीच पटत नाही. जुलै १९८८ मध्ये इंग्लंडमधल्या कॅमलफर्डच्या जलशुद्धीकरण केंद्रात एका टँकरवाल्याने २० टन अ‍ॅल्युमिनियम सल्फेटचं द्रावण चुकीच्या टाकीत ओतलं. लोक विचारत होते आणि पाणी सुरक्षित असल्याचं त्यांना सांगितलं जात होतं. खरं कारण जाहीर व्हायला दोन आठवड्यांहून जास्त काळ लागला. त्या गोष्टीला इतकी वर्षं झाली तरी तिथल्या लोकांचा अविश्वास गेलेला नाही. आकडा दडवल्याने भीती जात नाही, फक्त पाण्याबरोबर पाणी देणाऱ्यावरचाही भरवसा उडतो.

एक गोष्ट मात्र पाणीपुरवठ्याच्या माणसाच्या बाजूने बोलायला हवी. मोठ्या शहरात रसायनतज्ज्ञ असतो, अभियंता असतो, प्रयोगशाळा असते. छोट्या ठिकाणी पंप चालू करणारा, कॉक फिरवणारा, गळती काढणारा आणि पावडर टाकणारा बहुतेकदा एकच माणूस असतो, आणि तो रजेवर गेला की हे सगळं त्याच्या जागी आलेल्या कुणालाही करावं लागतं. त्याला संच द्या, गोळ्या संपायच्या आत नव्या द्या, वर्षातून एकदा तरी नीट शिकवा, आणि शून्य आकडा लिहिल्याबद्दल त्याच्यावर खेकसू नका. शून्य लिहिणाऱ्याला बोलणी बसली की दुसऱ्या दिवसापासून वहीत रोज ०.५ दिसायला लागतो. वॉकरटनच्या वहीतही तोच आकडा होता.

प्रयोगशाळेचा वाईट अहवाल आला तर तो पाणीपुरवठ्याला जाईल त्याच वेळी आरोग्य खात्यालाही गेला पाहिजे, मधे कुणाच्या टेबलावर थांबता कामा नये. वॉकरटननंतर ऑन्टारिओने २००२ मध्ये सुरक्षित पिण्याच्या पाण्याचा कायदा केला आणि प्रयोगशाळांवर तशी सक्तीच घातली. हे करायला नवं तंत्र लागत नाही.

आणि नमुना कुठल्या नळाचा, हे ठरवण्याचा हक्क लोकांना हवा. कार्यालयातल्या किंवा टाकीला लागून असलेल्या घरातल्या नळाचं पाणी रोज चांगलंच भरणार. अमेरिकेतल्या फ्लिंटमध्ये नमुना घेण्याआधी नळ बराच वेळ सोडून ठेवा अशा सूचना दिल्या जात होत्या, त्यामुळे पाइपमधून उतरणारं शिसं आकड्यात कमी दिसायचं. म्हणून नळ बदलते ठेवा, टोकाच्या वस्त्यांमधले ठेवा, मोजताना तिथलं एखादं माणूस हजर ठेवा आणि आकड्यासोबत जागा आणि वेळ लिहा. फळ्यावर खडूने लिहिलं तरी चालेल, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुलाबी नळीचा फोटो टाकला तर आणखी चांगलं.

तुमच्या भागात हा आकडा आधीपासून लावत असतील तर कुठे लावतात आणि कोण मोजतं ते खाली लिहा. लावत नसतील तर पुढच्या सभेत हा एकच विषय मांडा: काल शेवटच्या नळाला किती होतं?