स्कंदरबेगची कबर रिकामी आहे, तरीही लेझला जा

अल्बेनियाच्या सहलीविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्यात लेझ गावाबद्दलची एक ठरावीक कथा सतत पुढे पाठवली जाते. तिचा गोषवारा असा: तुर्कांशी पंचवीस वर्षे झुंजलेला राष्ट्रवीर स्कंदरबेग तिथल्या सेंट निकोलस चर्चमध्ये आपल्या शिरस्त्राण आणि तलवारीसह चिरविश्रांती घेतो आहे, ते चर्च तुर्कांनी उद्ध्वस्त केले, ते इस्लामविरुद्धच्या ख्रिस्ती लढ्याचे स्मारक आहे, आणि आता तिथे नुसत्या भिंती उरल्यामुळे फोटोपुरते थांबले तरी चालेल. यातले जवळजवळ प्रत्येक विधान खोडून काढावे लागेल.

शस्त्रांचा मुद्दा सोपा आहे. कबरीच्या जागी मांडलेल्या शिळेवरचे बोकडाच्या मुंडक्याचे शिरस्त्राण आणि तलवार या प्रतिकृती आहेत. अस्सल वस्तू व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहेत. २०१२ साली स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त त्या काही काळ राजधानी तिरानाला आणल्या होत्या आणि नंतर परत गेल्या.

कबरीचे प्रकरण अधिक गंभीर आहे. ग्येर्ग्य कास्त्रिओती, म्हणजेच स्कंदरबेग, १७ जानेवारी १४६८ रोजी लेझमध्येच तापाने वारला आणि याच चर्चमध्ये पुरला गेला, इथपर्यंत कथा बरोबर आहे. पण दहाच वर्षांनी, १४७८ मध्ये, लेझ उस्मानी (ऑटोमन तुर्क) सैन्याच्या हाती पडले. स्कंदरबेगचा चरित्रकार मारिन बार्लेती लिहितो की सैनिकांनी कबर उघडली, हाडांचे तुकडे वाटून घेतले आणि त्याचे शौर्य आपल्यात यावे म्हणून ते ताईतासारखे अंगावर बाळगले. बार्लेती हा स्कंदरबेगचा निस्सीम चाहता होता, त्यामुळे त्याचे वर्णन अक्षरशः घेऊ नये हे मला मान्य आहे. तरी आजच्या शिळेखाली त्या वीराचा देह आहे याला कसलाही पुरावा नाही. ती शिळा त्याच्या स्मरणासाठी मांडलेली आहे आणि तेवढ्यासाठी तिच्यापुढे मान झुकवायला काहीच हरकत नाही. फक्त जाणाऱ्याला खरे सांगून पाठवावे.

चर्च तुर्कांनी उद्ध्वस्त केले, हे विधान मला सर्वांत जास्त खटकते. त्यांनी ते पाडले नाही, त्याची मशीद केली. सेलिमिये मशीद या नावाने ती वास्तू पुढची कित्येक शतके वापरात राहिली. वापरातल्या इमारतीची डागडुजी होते, छप्पर शाकारले जाते. आज ज्या भिंती उभ्या दिसतात, त्या उभ्या राहण्यात नमाज पढणाऱ्या लेझकरांच्या पिढ्यांचाही वाटा आहे. प्रार्थना तिथून हद्दपार झाली ती विसाव्या शतकात. १९६७ मध्ये एन्व्हर होजाच्या साम्यवादी सरकारने देशातली सगळी चर्च, मशिदी आणि तेक्के (सूफी दर्ग्यांसारखे मठ) बंद केले. त्याच राजवटीने १९८१ मध्ये या भग्न वास्तूत स्कंदरबेगचे स्मारक उघडले. वर छत, भिंतीवर दुतोंडी गरुडाचे मोझेक, अर्धपुतळा, आणि ज्या लढायांत तो लढला त्यांची नावे कोरलेल्या ढाली. ज्या सरकारने देवाला देशाबाहेर काढले, त्यानेच वीरपूजेसाठी चर्चच्या भिंती वापरल्या. पाहणाऱ्याला हे सांगितले नाही, तर त्याला तिथला फक्त पंधराव्या शतकाचा भास दिसतो आणि विसावे शतक नजरेतून सुटते.

आता ख्रिस्ती विरुद्ध मुसलमान हा मुद्दा. स्कंदरबेग लहानपणी ओलीस म्हणून उस्मानी दरबारात गेला, तिथे मुसलमान झाला, सुलतानाचा अधिकारी बनला. १४४३ मध्ये नीशच्या (आजच्या सर्बियातल्या) लढाईत उस्मानी सैन्यातून निघून त्याने अल्बेनियातले क्रूया हे किल्ल्याचे गाव घेतले आणि पुन्हा ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पोप आणि नेपल्सच्या राजाने त्याला मदत केली, हेही खरे. पण १४४७-४८ मध्ये तो ख्रिस्ती व्हेनिसशी लढत होता. क्रूयावर चालून आलेला उस्मानी सेनानी बाल्लाबान जन्माने अल्बेनियन होता, आणि स्कंदरबेगचा सख्खा पुतण्या हमझा सुलतानाला जाऊन मिळाला होता. ज्या अल्बेनियात इतर धर्मीयांपेक्षा मुसलमानांची संख्या मोठी आहे, त्या देशाने याच माणसाला आपला राष्ट्रवीर मानले आणि त्याच्याशी जोडलेला गरुड राष्ट्रध्वजावर घेतला. धर्मयुद्धाच्या चौकटीत या गोष्टी कोंबायच्या, तर निम्म्या अल्बेनियन लोकांना त्यांच्याच इतिहासातून वगळावे लागेल.

उरला वेळेचा, म्हणजे फोटोपुरते थांबावे का, हा प्रश्न. क्रूयाच्या किल्ल्यातले स्कंदरबेगचे संग्रहालय भव्य आहे, ते जरूर पाहावे. पण ती इमारत १९८२ ची आहे. विखुरलेले अल्बेनियन सरदार २ मार्च १४४४ रोजी एकत्र आले आणि त्यांनी स्कंदरबेगला आपला सेनापती नेमले, ते लेझमध्ये. चर्चच्या वर टेकडीवर किल्ला आहे. तो चढून जायचा ठरवलात तर अर्धा दिवस हाताशी ठेवा, आणि तिरानाहून श्कोदरला जाताना वाटेत लेझ लागतेच, तेव्हा वेगळी वाकडी वाटही करावी लागत नाही.